राजीखुशीने

येरवड्याला राहते असं सांगितलं की पुण्यातला माणूस हमखास विचारतो, "आत की बाहेर?" तुरुंगावरच्या या विनोदाला मी आता उत्तर तयार ठेवलं आहे. "बाहेर. पण कुलपं उघडता येतात." मग समोरचा जरा सावरून बसतो आणि मी नक्की काय करते ते विचारतो.

मी किल्ल्या करते. पेठेतल्या एका जुन्या इमारतीत जिन्याखाली आमचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं, एवढं ते मोठं. जागा पागडीची, अब्बांच्या नावावर. अब्बांची नजर अधू झाली तेव्हा धाकटा भाऊ कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता आणि मी बारावी होऊन घरात भाकऱ्या थापत होते, म्हणून कानस माझ्या हातात आली. "तात्पुरती बस," अब्बा म्हणाले होते. त्या तात्पुरत्यात माझं लग्न झालं, मुलगी झाली, अम्मी गेली, मग अब्बाही गेले, आणि मी अजून बसलेच आहे.

दुकानाबरोबर अब्बांचं आणखी एक काम माझ्याकडे आलं, ते कोर्टाचं. घर किंवा गाळा कोणाचा याचा निकाल लागतो, हरलेला जागा सोडत नाही, मग जिंकलेल्याला ताबा मिळवून द्यायला कोर्टाचा बेलिफ निघतो. त्याच्याबरोबर पोलीस असतात, पंच असतात, आणि दाराला कुलूप असलं तर मी. कुलूप मी तोडते, जिंकलेला माणूस स्वतःचं नवं कुलूप लावतो, बेलिफ पंचनामा लिहितो आणि सगळे आपापल्या वाटेने जातात. मालकी म्हणजे काय हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. जे काही कळलं ते कडी-कोयंड्यापाशी उभं राहूनच कळलं.

अब्बांची एक रीत होती. घर रिकामं आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असलं तरी ते आधी कडी वाजवायचे आणि मोठ्याने विचारायचे, "कोणी आहे का?" उत्तर येणार नाही हे माहीत असताना क्षणभर थांबायचे, मग हत्यार काढायचे. मीही तेच करते. आमचे बेलिफसाहेब, निवृत्तीला आलेले, पोटाने मोठे आणि आवाजाने लहान, दर वेळी वैतागतात. "ताई, भुतं आहेत का आत?" असं विचारतात. पण थांबतात.

पंचनाम्यातलं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यात जायचं. 'ताबा शांततेत देण्यात आला.' एकदा एक बाई कुकर मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती, उठायलाच तयार नव्हती. महिला पोलिसाने तिला दंडाला धरून उठवलं. तिची सून रडत होती, पोर सुनेपेक्षा मोठ्याने रडत होतं. साहेबांनी पेन काढलं आणि लिहिलं, शांततेत. मी म्हटलं, "साहेब, ऐकू येतंय ना?" तर म्हणाले, "ताई, कोणाचं डोकं फुटलं नाही की शांतता. रडणं पंचनाम्यात धरत नाहीत."

त्याच दिवशी टपरीवर मी त्यांना विचारलं, की कागदावर मालकी लिहिलेली असते, शिक्के असतात, सह्या असतात, तरी शेवटी पोलीस का लागतात?

"आपण नसतो तर ज्याच्या हातात काठी त्याचं घर झालं असतं," ते म्हणाले.

"मग आता काठी कोणाच्या हातात आहे?"

"आता काठी पगारी आहे," असं म्हणून ते बशीतला चहा फुंकू लागले.

मला ते पटलंही आणि त्याचा रागही आला. 'हे माझं' या दोन शब्दांत 'आणि तू आलास तर तुला धरून बाहेर काढतील' हे शब्द कायम दडलेले असतात, फक्त चांगल्या घरांत ते कोणी उच्चारत नाही, एवढंच मला दिसायला लागलं. पण मग स्वारगेटला एस.टी.च्या खिडकीतून टाकलेला रुमाल आठवायचा. एवढी रेटारेटी, शिवीगाळ, आणि तरी त्या मळक्या रुमालावर सहसा कोणी बसत नाही. बसलाच तर रुमालवाला आल्यावर कुरकुरत का होईना उठतो. त्या रुमालामागे कुठलं कोर्ट आहे? माणसं एकमेकांचं 'माझं' आपणहून मानतातही. नुसत्या काठीवर एवढं मोठं शहर चाललं नसतं, तेवढे पोलीस आणायचे कुठून? माझं डोकं असं दोन्ही बाजूंनी चालायचं आणि गिऱ्हाईक आलं की बंद पडायचं.

आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं तेव्हा हाच प्रश्न माझ्या काउंटरवर येऊन बसला.

भाऊ दुकानात मावा केक घेऊन आला की समजावं, याला काहीतरी हवं आहे. लहानपणी तो माझी सायकल मागायचा तेव्हाही आधी बोरं आणून द्यायचा. त्या दुपारी केकचा पुडा होता आणि पुड्याखाली वकिलाने केलेला कागद. जुन्या दुकानाच्या बदल्यात नव्या इमारतीत तळमजल्यावर गाळा मिळणार होता, आणि तोही पागडीचा नाही, मालकीचा. करार कोणाच्या नावाने करायचा ते बिल्डरला हवं होतं. भावाने हक्कसोडपत्र आणलं होतं. वडिलांच्या जागेतला माझा हक्क मी भावासाठी 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता' सोडते आहे, असं त्यात मीच बोलत होते.

"आपा, फक्त एक सही," तो म्हणाला. "दुकान तुझंच आहे, हवं तेवढं बस. कागदावर एकच नाव असलं की सोपं जातं."

"मग माझं टाक की एकच."

तो मनापासून हसला. मी गंमत केली असं त्याला वाटलं. मी गंमत केली नव्हती, पण त्याच्या हसण्याने मलाही क्षणभर तसंच वाटलं, हे मला जास्त झोंबलं.

आमच्यात याला माफ करणं म्हणतात. शरीयतने मुलीला वाटा आहे, तो कोणी नाकारत नाही. फक्त बहिणीने तो भावाला माफ करायचा असतो. शेजारच्या हिंदू बायका हक्क सोडतात, आम्ही माफ करतो. गुन्हा कोणी केला होता, हे मला लहानपणापासून कळलेलं नाही. माझ्या फुफीने, म्हणजे अब्बांच्या बहिणीने, याच दुकानातला वाटा माफ केला होता. दर ईदला ती यायची, अब्बा तिला स्टुलावर बसवायचे, सरबत मागवायचे, आणि ती आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या भावाचं दुकान!" केवढं प्रेम, असं तेव्हा वाटायचं. प्रेम होतंच, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पण माफ केलं नसतं तर स्टूल पुढे आलं असतं का, हे तिने कधी करून पाहिलं नाही. कोणतीच बहीण करून पाहत नाही, कारण उत्तर काय येईल याची धास्ती असते.

"सही नाही केली तर?" मी विचारलं.

"तर काय, काही नाही." मग केकचा पुडा माझ्याकडे सरकवून म्हणाला, "पण आपा, लोक काय म्हणतील? आपण दोघंच तर आहोत." आणि मग, दुखावल्यासारखा, "मी कधी तुझ्यावर जबरदस्ती केली का?"

नव्हती केली. अब्बांच्या शेवटच्या आजारात तो रजा टाकून दवाखान्यात बसला होता. माझ्या मुलीच्या अ‍ॅडमिशनला माझा नवरा ड्यूटीवर होता तेव्हा रांगेत हाच उभा होता. माझा भाऊ चांगला माणूस आहे आणि खरी अडचण तीच होती. वाईट भावाला नाही म्हणणं सोपं. मी कागद घेतला, केकही घेतला, आणि "बघू" म्हटलं.

तो गेल्यावर मी कागद पुन्हा वाचला. सही केली तर उद्या हा गाळा भाड्याने द्यायचा की मोबाइलवाल्याला विकायचा, हे तो ठरवणार. मी कोण, तर मालकाची बहीण, हवं तेवढं बसणारी. नाही केली तर हा एकुलता एक भाऊ फोन उचलायचा हळूहळू कमी करणार. दोन्हीकडून काहीतरी जाणारच होतं. आणि कागदावर लिहिलं होतं, राजीखुशीने. पोलीस नाही, बेलिफ नाही, कुलूप तोडायला कोणी नाही. सगळं कसं शांततेत.

त्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला, मांजरीला ताबा आहे.

मांजरीत आता उसाच्या बांधाला लागून टॉवर उभे आहेत. जीप एका टॉवरला वळसा घालून मागे गेली आणि उसाच्या कडेला पत्र्याच्या छपराचं, एका रांगेत खोल्या असलेलं घर दिसलं. पुढे बाजेवर एक म्हातारा होत आलेला शेतकरी बसला होता, पांढरी टोपी, हाताची घडी. आणि त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर, बाभळीच्या सावलीत, काठापदराची साडी नेसलेली एक बाई उभी होती. मी सवयीने धरून चालले की बाई हरलेली. पण साहेबांनी हुकूम वाचला तेव्हा कळलं की जिंकलेली तीच आहे. ती त्या शेतकऱ्याची बहीण. बापाच्या घरातला वाटा तिने कोर्टातून मिळवला होता, आणि कडेची खोली तिला मिळाली होती. त्या खोलीला भावाने हे एवढं मोठं जुनं कुलूप घातलं होतं.

काठी या वेळी बहिणीच्या बाजूने आली होती, हे पाहून मला आत कुठेतरी बरं वाटलं, ते कशाला लपवू? पगारी काठी कधीतरी आपल्याकडूनही उभी राहते तर.

मी पुढे होऊन कडी वाजवली. "कोणी आहे का?"

"कुनी न्हाय त्यात," बाजेवरून आवाज आला. "कडबा हाय."

मी पिशवी उघडली तशी ती बाई भराभर चालत आली. "ताई, थांबा. तोडू नका."

"अहो, आम्ही तुमच्याच बाजूने आलोय," साहेब म्हणाले.

"ठाव हाय मला. पन दादानं किल्ली द्यावी. तोडलेल्या कुलपानं मला आत जायचं न्हाय."

"तोडा की!" भाऊ ओरडला. "कोर्टानं दिलंय न्हवं? मग कोर्टालाच उघडू द्या. मी देनार न्हाय."

"मला कोर्टाच्या हातनं नको. तुज्या हातनं पायजे."

"मग केस कशापायी केलीस?"

"तू देईनास म्हनून!"

एका पोलिसाला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या घरी कपाटात ठेवलेला कागद आणि ही बाई काय म्हणत होती ते, दोन्ही मला एकदम कळलं. मागून मिळत नाही म्हणून जोर लावायचा, आणि जोर लावून मिळालं की ते दिलेलं राहत नाही, घेतलेलं होतं. यातून वाट कशी काढायची ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती नुसती दारापुढे उभी होती, दोन्ही हात कोयंड्यावर ठेवून.

साहेब घड्याळ बघत होते. "ताई, तोडा. मला आणखी एका ठिकाणी जायचंय," ते मला म्हणाले. मी पिशवीत काहीतरी शोधत असल्याचं सोंग केलं. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून तिची भावजय बाहेर आली. तिने कमरेच्या कनवटीतून किल्ली काढली, नणंदेच्या हातावर ठेवली आणि कोणाकडेही न बघता आत निघून गेली. भावाने तोंड उसाकडे फिरवलं, पण उठून किल्ली हिसकावली नाही.

बाईने किल्ली घातली. ती अर्धी फिरली आणि अडली. मग तिने ती माझ्या हातात दिली. कुलूप जुनं, आतून गंजलेलं. मीही फिरवली, तेल सोडलं, पुन्हा फिरवली. खरं सांगायचं तर मी नेट लावला असता तर ते उघडलं असतं. मी लावला नाही. कारण मागे बाजेची करकर मला ऐकू येत होती. आपल्या वस्तूशी दुसरा झटापट करताना कुठल्याही पुरुषाला ते बघवत नाही, हे मी दुकानात रोज पाहते.

"तसं न्हवं, तसं न्हवं!" शेवटी तो म्हणालाच. "वर उचलून मागं वढायचं, मग फिरवायचं."

मी वर उचललं, भलतीकडे ओढलं.

"आवो, सरका तिकडं." तो आला, किल्ली माझ्या हातातून घेतली, कुलूप तळव्यावर तोललं, मनगट जरासं वळवलं आणि ते खट्कन उघडलं. उघडल्यावर मात्र त्याची पंचाईत झाली. उघडं कुलूप हातात, बहीण समोर, आणि पोलीस बघतायत. मग कुलूप किल्लीसकट तिच्या हातात कोंबून म्हणाला, "घे. पावसाळ्यात तेल घालत जा, न्हायतर अडकतंय." आणि परत जाऊन बाजेवर बसला.

गोड शेवट वगैरे काही झाला नाही. ती दोघं एकमेकांशी पुढे एक शब्द बोलली नाहीत. पण भावजयीने सगळ्यांना चहा केला, आणि एक कप नणंदेला नेऊन दिला, त्या खोलीत, कडब्याच्या पेंढीवर बसली होती तिथे. साहेबांनी पंचनाम्यात शांततेत असं लिहिलं तेव्हा मी पहिल्यांदाच काही बोलले नाही.

परतताना जीपमध्ये त्यांनी विचारलं, "पोलीस नेले नसते तर दिली असती का त्याने किल्ली?"

"नसती."

"मग?"

"पण पोलिसांनीही दिली नाही ना, साहेब."



रविवारी मी कात्रजला भावाकडे गेले. जेवण झालं, भावजय मुलांना घेऊन आत गेली आणि मी कोरा कागद, म्हणजे सही नसलेला, टेबलावर ठेवला.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "दोघांची नावं टाक."

त्याने कागद स्वतःकडे ओढला. "म्हणजे तू कोर्टात जाणार?"

"नाही. जायचं असतं तर इथे कशाला आले असते? पण मला जाता येतं, हे तुला माहीत असू दे."

"ही धमकी झाली आपा."

"असेल. आणि तू 'लोक काय म्हणतील' म्हणालास, ती काय होती?"

तो उठून खिडकीशी गेला. मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर रडले असते. म्हटलं, की तू देणार नाहीस म्हणून कोर्टात जावं लागावं असं मला नको आहे, आणि कोर्टाच्या भीतीने तू द्यावंस असंही नको आहे. मला राग येतोय तो तुझा नाही, त्या ओळीचा येतोय. माझ्या तोंडी राजीखुशीने असं लिहिलं आहेस, आणि मी राजीही नाही, खुशही नाही, घाबरलेली आहे. तुझा फोन येणार नाही म्हणून घाबरलेली आहे.

"मग तुला नक्की हवंय काय?" त्याने न वळता विचारलं.

"दुकान हवंय. आणि तूही."

मी चप्पल घातली आणि निघाले. बसमध्ये बसल्यावर वाटलं, गेलं सगळं.

मधली ईद तशीच गेली. त्याने सकाळी फोन केला, मुबारक म्हणाला, दोन वाक्यं बोलला, आला नाही. मी शीरखुर्म्याचं पातेलं झाकून ठेवलं, उघडलं, परत झाकलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे, सही करून टाक, एवढं काय?" त्याच्यावर मी अशी कडाडले की बिचारा त्या दिवशी मशिदीतून उशिराच परतला. मला माझ्या हट्टाचा पश्चात्ताप होत नव्हता, पण भावाची आठवण मात्र फार येत होती. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग एके दिवशी भर दुपारी तो दुकानाशी येऊन उभा राहिला. हातात मावा केक नव्हता. स्कूटरची किल्ली पुढे करून, परक्या गिऱ्हाइकासारखा म्हणाला, "डुप्लिकेट करून पाहिजे."

मी किल्ली घेतली आणि कानस चालवू लागले. तो स्टुलावर बसला.

"बिल्डरच्या माणसाला सांगितलंय," तो म्हणाला, "दोन्ही नावं टाक म्हणून."

माझी कानस थांबली. "भावजय काय म्हणाली?"

"तीच म्हणाली." त्याने मान खाजवली. "तिच्या भावानेही तिला कागद पाठवलाय, माफ कर म्हणून. तिने मला विचारलं, सही करू का? मी म्हटलं, अजिबात करू नकोस, तुझा हक्क आहे. तर नुसती बघत राहिली माझ्याकडे. आपा, दोन दिवस नुसती बघत होती."

मला एवढं हसू आलं की हातातली किल्ली खाली पडली. तोही हसला, जरा उशिरा. ती किल्ली बिघडली होती, मी दुसरी करून दिली.

कराराच्या नोंदणीला आम्ही दोघं गेलो. रजिस्ट्रेशन ऑफिसात नेहमीसारखी गर्दी, पंखा फिरतोय पण वारा नाही. आमचा नंबर आला तेव्हा अधिकाऱ्याने मान वर न करता विचारलं, "करार वाचलात? मान्य आहे? कोणाचा दबाव वगैरे नाही ना?"

"आहे की," भाऊ म्हणाला. "हिचा."

अधिकाऱ्याने मान वर केली. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. "आणि यांच्यावर?" त्याने माझ्याकडे पेन रोखलं.

"याचा," मी म्हटलं.

"मग मी काय लिहू?"

"राजीखुशीने लिहा," भाऊ म्हणाला. "आता चालेल."

पुढच्या टेबलावर फोटो आणि अंगठा. भावाचा झटकन झाला. माझा अंगठा मशीनच्या काचेवर ठेवला तर लाल दिवा. पुसून ठेवला, पुन्हा लाल. कॉम्प्युटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, रेषाच दिसत नाहीयेत. काय काम करता?" मी अंगठा उलटा करून पाहिला. कानशीने घासून घासून तो गुळगुळीत झाला होता. इतकी वर्षं त्याच हाताने जेवले, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. "दाबा," ती म्हणाली, "अजून दाबा." दिवा लालच. रांगेतली माणसं चुळबुळायला लागली आणि माझ्या डोळ्यांत पाणी जमलं. सगळं होऊन आता हे मशीन मला ओळखत नाही म्हणतंय, असं झालं.

भाऊ पुढे आला. त्याने माझा अंगठा धरला, त्यावर फुंकर मारली, आपल्या शर्टाच्या टोकाला पुसला, काचेवर नीट बसवला आणि वरून आपल्या अंगठ्याने गच्च दाबून धरला.

"दुखतंय," मी म्हटलं.

"गप्प बस," तो म्हणाला. "तुझं नाव लागतंय."

हिरवा दिवा लागला. मुलगी म्हणाली, "झालं." त्याने हात लगेच काढला नाही.